लॉक की लॉग आउट? पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्ज ठरवताना

पासवर्ड मॅनेजरमध्ये (सगळे पासवर्ड एकत्र साठवणाऱ्या ॲपमध्ये) ‘लॉक’ आणि ‘लॉग आउट’ हे पर्याय शेजारीशेजारी दिसत असल्याने एक सौम्य आणि दुसरा कडक, एवढाच त्यांच्यातला फरक असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्यांचे कामच वेगळे आहे. बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये लॉक केल्यावर तिजोरीची, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची, एन्क्रिप्ट केलेली (सांकेतिक रूपातली) प्रत त्याच उपकरणावर राहते, आणि इंटरनेट नसतानाही मास्टर पासवर्ड (तिजोरीचा मुख्य पासवर्ड), पिन किंवा बोटाचा ठसा देऊन ती उघडता येते. लॉग आउट केल्यावर मात्र ती प्रतही पुसली जाते आणि परत येताना इंटरनेट तर लागतेच, शिवाय टू-स्टेप लॉग-इन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी पद्धत) चालू असल्यास त्याचा कोडही द्यावा लागतो. अनेकांची फसगत होते ती इथे: हा कोड लॉग-इन करताना विचारला जातो, अनलॉक करताना नाही. त्यामुळे आधीच लॉग-इन असलेला लॅपटॉप चोरीला गेला, तर तिजोरीची राखण त्या कोडकडे नसून अनलॉकच्या पद्धतीकडे असते.

म्हणूनच पिनकडे बारकाईने पाहायला हवे. पिन ठरवताना, ॲप किंवा ब्राउझर पुन्हा सुरू झाल्यावर मास्टर पासवर्ड मागावा का, असे विचारणारी एक लहानशी चौकट दिसते. तिथली खूण कायम ठेवली, तर पिनचा उपयोग ॲप बंद होईपर्यंतच राहतो. ती काढली, तर तिजोरी उलगडणारी किल्ली पिनने संरक्षित करून डिस्कवर साठवली जाते. मग पाच चुकांनंतर लॉग आउट करणारी ॲपची मर्यादाही फारशी कामाची नाही, कारण डिस्कवरची ती फाइल उचलून नेणारा ॲपमधून प्रयत्न करणारच नाही, आणि चार अंकी पिनच्या शक्यता जेमतेम 10,000 असतात. खूण काढायचीच असेल, तर पिन लांब आणि अक्षरांसह असावा.

बोटाचा ठसा मला पिनपेक्षा बरा वाटतो, विशेषतः चार लोकांत, कारण टाइप करताना कोणी पाहील ही धास्ती राहत नाही. त्याची खोड एकच: महिनोन्‌महिने न टाइप केलेला मास्टर पासवर्ड आयत्या वेळी आठवत नाही. संगणक सुरू केल्यावर तरी तो टाइप करावा लागेल अशी सोय मी मुद्दाम ठेवली आहे.

वेळमर्यादेबाबत, स्वतःच्या संगणकावर पंधरा मिनिटांनी आणि फोनवर लगेच लॉक होणे पुरेसे आहे. ‘कधीच नाही’ हा पर्याय टाळावा. एकच संगणक अनेकजण वापरत असतील, तर तिथे लॉग आउटच योग्य.

मात्र सगळीकडे लॉग आउट ठेवणाऱ्याने आधी रिकव्हरी कोड (टू-स्टेप लॉग-इनचा कोड मिळत नसेल तेव्हा वापरायचा राखीव कोड) कागदावर लिहून घ्यावा. टू-स्टेप लॉग-इनचा कोड देणारे ॲप ज्या फोनवर आहे तोच हरवला आणि रिकव्हरी कोड तिजोरीतच ठेवलेला असला, तर मास्टर पासवर्ड तोंडपाठ असूनही मालक बाहेरच राहतो.