डॅनाझोल घेऊन नऊ महिने झाले, माझा अनुभव (अप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे हाडातला मगज पुरेसं रक्त बनवत नाही तो आजार; वय 43)

कुठे न आपटता अंगावर काळेनिळे डाग, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त आणि एक जिना चढला की धाप, अशी सुरुवात झाली. एका ठिकाणी चार महिने नुसत्या लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, त्याचा राग अजून आहे. शेवटी सीबीसी केलं तर हिमोग्लोबिन 5.8 आणि प्लेटलेट 14 हजार! मग कमरेच्या हाडातून बोनमॅरो काढला, त्यात पेशी कमी आणि चरबीच जास्त. बोनमॅरो बदलायचा तर भावाचं एचएलए (पेशींची जुळणी) जुळलं नाही, एटीजी या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनचा खर्च लाखांत, म्हणून हिमॅटॉलॉजिस्टनी (रक्ताच्या डॉक्टरांनी) सायक्लोस्पोरिन (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं) आणि जोडीला डॅनाझोल 200 मिलिग्रॅमच्या तीन कॅप्सूल रोज, असं चालू केलं. (डोस माझ्या वजनावर ठरलाय, वाचून कुणी स्वतःहून घेऊ नका.)

डॅनाझोल हे एक स्टिरॉईड आहे म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, तोंड सुजेल." तोंड सुजवतं ते प्रेडनिसोलोन, हे वेगळं, हे पुरुषी हार्मोनच्या कुळातलं. मेडिकलवाल्याने तर "ताई, एंडोमेट्रिओसिसचं का?" विचारलं, कारण त्यालाही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारालाही) हेच देतात. ओपीडीत एका मुलाला याच आजारासाठी स्टॅनोझोलॉल चालू होतं, म्हणजे 1988 ला सोल ऑलिम्पिकमध्ये धावपटू बेन जॉन्सनचं सुवर्णपदक ज्याच्यामुळे गेलं तेच औषध, हे त्याच्या बाबांनी इतक्या कौतुकाने सांगितलं की मला हसूच आलं.

फायदा लगेच दिसत नाही हो. पहिले तीन महिने रिपोर्ट जागचा हलला नाही, रक्त चढवणं चालूच, दोनदा वाटलं बंद करावं. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांशिवाय निकाल लावायचा नाही. पाचव्या महिन्यात रक्त चढवायचं अंतर वाढलं आणि आता हिमोग्लोबिन 9.6, प्लेटलेट 62 हजार. यात सायक्लोस्पोरिनचा वाटा किती नि याचा किती ते वेगळं काढता येत नाही. एक मात्र नक्की याच्यामुळे झालं, पाळी थांबली. प्लेटलेट 14 हजार असताना पाळी म्हणजे काय असतं ते जिला माहीत तिलाच कळेल, दर महिन्याला ॲडमिट व्हायची वेळ यायची.

आता त्रास. वजन 5 किलो वाढलं, पाठीवर मुरुमं, रात्री पोटऱ्यांत गोळे, हनुवटीवर केस (प्लेटलेट कमी म्हणून थ्रेडिंगलाही भीती वाटते). पण मनाला लागलं ते आवाजाचं. सातव्या महिन्यात गॅसवाल्याचा फोन आला, मी हॅलो म्हटलं तर म्हणतो, "काका, जरा ताईंना द्या ना." फोन ठेवून बराच वेळ किचनमध्ये उभी होते. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं की आवाज घोगरा व्हायला लागला की लगेच कळवा, कारण औषध बंद केलं तरी तो परत येईलच असं नाही. मी दीड महिना सर्दी समजून काढला, ही माझीच चूक. आता डोस 400 वर आणलाय.

तपासण्या टाळू नका. सुरू करायच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट केली होती, कारण पोटात मुलगी असेल तर तिच्या वाढीवर परिणाम होतो, आणि पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं धरायचं नाही, हार्मोन नसलेलं साधन वापरायचंच. लिव्हरची एसजीपीटी दर महिन्याला, मध्येमध्ये पोटाची सोनोग्राफी, कारण जास्त दिवस घेतलं तर लिव्हरमध्ये गाठी होऊ शकतात. लिपिडमध्ये माझं चांगलं कोलेस्टेरॉल धाडकन खाली आलं. डॅनाझोलमुळे सायक्लोस्पोरिनची रक्तातली लेव्हल वाढते, त्यामुळे तीही तपासून डोस कमी करावा लागला. डोकं खूप दुखून अंधुक दिसायला लागलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

भजनी मंडळात मी काळी चार पट्टीत म्हणायचे. आता पेटीवाल्या मावशी माझ्यासाठी काळी दोन धरतात, बाकीच्या बायकांना ती खालची पडते, त्या कुरकुरतात आणि तरी म्हणतात.