दंडावरचा ग्लुकोज सेन्सर: मशीन चांगलं, अ‍ॅप अर्धवट

मला डायबिटीस नाहीये, नुसती उत्सुकता म्हणून दंडाला चिकटवायचा 14 दिवसवाला सेन्सर घेतला. लावताना काही दुखत नाही, केसाएवढी बारीक तार कातडीखाली जाते आणि मग विसरायला होतं. पण एक गोष्ट बॉक्सवरच ठळक छापायला हवी होती, हा रक्तातली शुगर मोजतच नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो, म्हणून बोट टोचून आलेल्या आकड्याच्या काही मिनिटं मागे असतो आणि शुगर झपाझप बदलत असेल तर दोन्ही जुळत नाहीत. मशीन फॉल्टी आहे म्हणून एक स्टार देणाऱ्यांनी हे आधी वाचा.

पैसे वसूल कुठे होतात तर जेवून चालायला गेल्यावर. शुगरची चढलेली रेष डोळ्यांदेखत उतरते! ग्लुकोज स्नायूंच्या पेशीत असाच घुसत नाही, त्याला आत घेणारी ग्लूट-4 नावाची प्रोटीनं पेशीच्या आतच पडून असतात, इन्सुलिनचा निरोप आला की वर पडद्याशी येतात. पण स्नायू वापरात असला तर इन्सुलिनची वाटही बघत नाहीत, चालण्याचा फायदा होतो तो यामुळे.

आता अ‍ॅप. जोरदार व्यायाम केला तर शुगर उलट चढते कारण अ‍ॅड्रेनलिनमुळे यकृत साठवलेलं ग्लायकोजेन (म्हणजे ग्लुकोजचाच जोडून ठेवलेला साठा) फोडून ग्लुकोज रक्तात सोडतं, ह्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण अ‍ॅप लगेच लाल होऊन विचारतं काय खाल्लं. अरे काहीच नाही खाल्लं बाबा! शिवाय रक्तात एका वेळी असतं जेमतेम 4-5 ग्रॅम ग्लुकोज, यकृतात साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन आणि स्नायूंमध्ये 400 च्या आसपास, तेही स्नायूंतलं परत रक्तात येत नाही, तिथेच जळतं. चरबीचा साठा तर विचारूच नका. ह्यातलं काहीही सेन्सरला दिसत नाही, तरी अ‍ॅप तुमच्या 'एनर्जी'ला मार्क देतं, ते कशावरून देव जाणे.

रात्री सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलात तर दाब पडून खोटी लो शुगर दाखवतो आणि अलार्म बोंबलतो, दुसऱ्या कुशीवर झोपा. घामाने कडा सुटतात, वरून टेप लागतेच.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून जरूर बघा, बाकीच्यांना एकदा लावून पुरे. चार स्टार, पाचवा अ‍ॅपने घालवला.