लाल राक्षसी ताऱ्यांतलं लिथियम: गिळलेल्या ग्रहाचं की आत घडलेलं?

लिथियम सुमारे 25 लाख अंशांवर नष्ट होतं. आयुष्याच्या उत्तरार्धात तारा फुगून लाल राक्षसी होताना वरचं द्रव्य खोलवर घुसळलं जातं, त्यात उरलंसुरलंही विरळ होतं. तरीही शंभरातल्या साधारण एका राक्षसी ताऱ्यात ते भरपूर सापडतं.

पहिलं उत्तर सरळ: ताऱ्यानं जवळचा ग्रह गिळला, ज्यातलं लिथियम शाबूत होतं. पण काही ताऱ्यांत जन्मवेळच्या वायूपेक्षाही जास्त लिथियम आहे. तेवढं एक ग्रह देऊ शकत नाही.

दुसरं उत्तर मला अधिक पटतं. ताऱ्याच्या आतच हेलियमची दोन रूपं, हेलियम-3 आणि हेलियम-4, मिळून बेरिलियम-7 बनतं. ते झपाट्यानं थंड थरांत पोचलं, तर तिथे त्याचं लिथियम होऊन टिकतं. बेरिलियम-7 चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) जेमतेम 53 दिवसांचं, म्हणून सगळी मदार वेगावर! ही यंत्रणा खगोलभौतिकशास्त्रज्ञ कॅमेरॉन आणि फाउलर यांनी 1971 मध्येच मांडली होती. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या 2020 च्या अभ्यासात, सूर्यासारख्या वस्तुमानाच्या, गाभ्यात हेलियम जाळू लागलेल्या राक्षसी ताऱ्यांत अपेक्षेपेक्षा जास्त लिथियम (भरपूर नसलं तरी) सर्रास दिसलं. सर्रास घडणाऱ्या गोष्टीला ग्रह गिळण्याचा योगायोग कसा पुरेल? संशय आहे तो गाभ्यातलं हेलियम पेटतानाच्या भडक्यावर.

हेलियम अजून न पेटलेल्या, माफक लिथियमच्या ताऱ्यांसाठी मात्र ग्रहाचा पर्याय मी खुला ठेवेन.