एनव्हीडीए स्क्रीन रीडर: महाविद्यालयीन अभ्यासाच्या कसोटीवर

पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेल डिस्प्लेवर पोहोचवणारा एनव्हीडीए हा विंडोजसाठीचा स्क्रीन रीडर मायकल करन यांनी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात लिहायला घेतला आणि पुढे जेम्स टेह यांच्यासह तो वाढवला. हे दोघेही स्वतः दृष्टिहीन आहेत, आणि त्याचा प्रत्यय हा प्रोग्राम वापरताना पदोपदी येतो. तो विनामूल्य आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या पहिल्या दिवसापासून हाताशी द्यावे असे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. संगणक मदत कक्षात विद्यार्थ्यांसोबत बसून मी तो वापरत आलो आहे. त्यामुळे हे परीक्षण एकट्याने वापरण्यापेक्षा शिकण्या-शिकवण्याच्या अंगाने केले आहे.

महाविद्यालयाच्या दृष्टीने त्याची सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे पेन ड्राइव्हवर ठेवता येणारी पोर्टेबल प्रत. प्रयोगशाळेतील संगणकांवर नवे काही स्थापित करण्याची परवानगी विद्यार्थ्यांना सहसा नसते. अशा वेळी आवाजाची गती, विरामचिन्हे किती वाचायची याची पातळी आणि कळफलकाची मांडणी या आपल्या सर्व पसंतींसह ही प्रत कोणत्याही संगणकावर सुरू करता येते. मात्र लॉग-इनचा पडदा आणि प्रशासकाची परवानगी मागणारी खिडकी तिला वाचता येत नाही. म्हणून ज्या संगणकावर विद्यार्थी रोज बसतो, तेथे महाविद्यालयाने एनव्हीडीए रीतसर स्थापित करून ठेवणेच योग्य. तसे केल्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबून तो कोणाच्याही मदतीशिवाय सुरू होतो.

नवशिका विद्यार्थी हमखास अडतो तो ब्राउझ मोड आणि फोकस मोड यांच्यातल्या फरकापाशी. संकेतस्थळ वाचताना ब्राउझ मोडमध्ये एच दाबले की पुढचे शीर्षक, टी दाबले की पुढचा तक्ता आणि एफ दाबले की अर्जातील पुढचा रकाना मिळतो. परंतु त्या रकान्यात काही लिहायचे असेल तर फोकस मोड लागतो. बहुतेक वेळा हा बदल आपोआप होतो आणि तो झाल्याची खूण म्हणून वेगळा ध्वनी ऐकू येतो. तो होत नाही तेव्हा विद्यार्थी आपले नाव लिहू लागतो आणि प्रत्येक अक्षरासरशी पानावर भलतीकडेच जाऊन पोहोचतो. एनव्हीडीए कळ (सहसा इन्सर्ट) आणि स्पेसबार एकत्र दाबून मोड स्वतः बदलता येतो, हे पहिल्याच भेटीत शिकवले पाहिजे आणि दोन्ही ध्वनी कानांना ओळखीचे होईपर्यंत पुढचे काहीही शिकवू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रवेश अर्ज अर्धवट सोडून परत आलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांची अडचण एवढीच असते आणि तिच्यापायी त्यांचा स्वतःवरचा विश्वास नाहक ढळतो.

मदत करणाऱ्या डोळस माणसासाठी स्पीच व्ह्यूअर ही खिडकी मोलाची आहे. जे बोलले जाते ते तिच्यात अक्षरांत उमटते, त्यामुळे वेगवान आवाजाची सवय नसलेल्या शिक्षकालाही विद्यार्थी नेमका कुठे अडला आहे ते कळते. २०२५.१ या आवृत्तीपासून दूरस्थ जोडणीची सोयही प्रोग्राममध्येच आली आहे. दोन्हीकडे एनव्हीडीए असेल तर मदतनीस दुसऱ्या ठिकाणाहून विद्यार्थ्याचा संगणक हाताळू शकतो आणि त्यावरील वाचन स्वतः ऐकू शकतो.

अभ्यास साहित्याच्या बाबतीत मात्र निकाल संमिश्र आहे आणि त्याचा दोष बहुतांशी एनव्हीडीएकडे जात नाही. शीर्षकांच्या शैली नीट वापरलेले टिपण तो अतिशय सुरेख वाचतो. तक्त्यात कंट्रोल, ऑल्ट आणि बाणांच्या साहाय्याने फिरताना स्तंभाचे नावही सांगतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पायथन या संगणक-भाषेतील ओळींचे समासांतर, म्हणजे ओळ समासापासून किती आत आहे ते, तो शब्दांनी किंवा स्वरांनी कळवतो. संकेतस्थळावरील गणित मॅथएमएल या समीकरणे लिहिण्याच्या संगणकीय पद्धतीत असेल तर मॅथकॅट या गणित बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने समीकरण भागाभागाने ऐकता येते. तेच समीकरण चित्र म्हणून चिकटवले असेल आणि त्याला वर्णन करणारा पर्यायी मजकूर दिलेला नसेल, तर ऐकण्यासारखे काहीच उरत नाही. छापील पानांचे फोटो काढून बनवलेल्या पीडीएफची गतही तीच. विंडोज १० पासून पुढे एनव्हीडीए कळ आणि आर एकत्र दाबून पडद्यावरील चित्रातला मजकूर ओळखता येतो, पण दोन स्तंभांचे पान, तळटीपा आणि तक्ते यांचा क्रम त्यात बिघडतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी असे पान हाती आलेल्या विद्यार्थ्याला कितीही चांगला स्क्रीन रीडर वाचवू शकत नाही. त्यामुळे फाइल पाठवण्यापूर्वी तिच्यातला मजकूर निवडता येतो का, एवढे तरी प्रत्येक शिक्षकाने पाहिलेच पाहिजे.

एनव्हीडीएचा मूळ आवाज इस्पीक एनजी या मजकुराचे बोलणे करणाऱ्या प्रोग्रामचा आहे. तो मराठीही वाचतो, मात्र उच्चार यांत्रिक वाटतात आणि दीर्घ ललित मजकूर ऐकताना कान थकतात. विंडोजमध्ये स्थापित केलेले अन्य आवाज निवडता येतात. गती वाढवली तरी इस्पीकचे उच्चार तुटत नाहीत, म्हणून उजळणीसाठी अनुभवी विद्यार्थी तोच पसंत करतात.

ऑनलाइन परीक्षेसाठी संगणक बंदिस्त करणारे काही प्रोग्राम स्क्रीन रीडरला अडथळा आणतात. त्याची चाचणी त्याच संगणकावर, त्याच विद्यार्थ्यासोबत आधी घेतलीच पाहिजे. जुन्या प्रयोगशाळांनी आणखी एक गोष्ट तपासावी: २०२४.१ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ किंवा विंडोज ८ वर चालत नाहीत. विंडोज ७ वर २०२३.३.४ हीच शेवटची आवृत्ती चालते आणि दूरस्थ जोडणीची अंगभूत सोय तिच्यात नाही.