छोट्या स्टीम बॉयलरची स्वयंचलित पाणीभरणी: पावसाळा ते उन्हाळा वापरानंतरचा अनुभव

लालबागच्या आमच्या घरी साड्यांचे फॉल-पिको आणि स्टीम प्रेसचे काम चालते. त्यासाठी गेल्या गणेशोत्सवाच्या तोंडावर आम्ही 3 किलोवॅटचा हीटर असलेला आणि 3 बार दाबावर चालणारा छोटा विजेचा बॉयलर घेतला. वाफेच्या दर्जाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. इतक्या महिन्यांत जे काही अडले, ते पाणी आत घेण्याच्या व्यवस्थेतच अडले, म्हणून हा अनुभव मुख्यतः तिच्याविषयी आहे.

हा हीटर सतत चालू राहिला तर ताशी सुमारे 4 लिटर पाण्याची वाफ होते. आतले भांडे लहान असल्यामुळे कामाच्या दिवसांत पाणी वरचेवर भरावे लागते, आणि दाब असलेल्या भांड्यात ते हाताने ओतता येत नाही. त्यामुळे बाजूच्या टाकीतून एक लहान पंप पाणी उचलतो, ते सोलेनॉइड (विजेने उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) यांतून आत जाते, आणि पंप केव्हा चालू करायचा हे भांड्यात सोडलेल्या स्टीलच्या प्रोबवरून, म्हणजे पातळी ओळखणाऱ्या दांडीवरून, कंट्रोलर ठरवतो. पाणी प्रोबला टेकलेले असेपर्यंत त्यातून अगदी थोडा प्रवाह भांड्याच्या धातूपर्यंत वाहतो. पाणी खाली गेले की तो तुटतो आणि पंप सुरू होतो. म्हणजे कंट्रोलरला पाणी कळत नाही, त्याला फक्त प्रवाह कळतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या बिघाडांचे मूळ या एका गोष्टीत सापडले.

पहिला त्रास सुरुवातीच्याच आठवड्यांत दिसला. रात्री बंद करताना पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी अर्ध्यावर असायचे आणि सकाळी पाहावे तर काच वरपर्यंत भरलेली. अशा वेळी हीटर लावला की इस्त्रीतून वाफेसोबत पाण्याचे थेंब येतात, आणि रेशमी साडीवर पडलेल्या थेंबाचा डाग सहज जात नाही. दुरुस्तीला आलेल्या माणसाने सोलेनॉइड गळतो असे सांगून तो बदलला, तरी फरक पडला नाही. खरे कारण वेगळे होते. बॉयलर थंड होताना आतल्या वाफेचे पाणी होते, तिची जागा रिकामी पडून निर्वात तयार होतो, आणि तो निर्वात बाजूच्या टाकीतले पाणी बंद पंपातून आत ओढून घेतो. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाणी बाहेर येऊ देत नाही, पण आत जाणाऱ्या पाण्याला तो अडवत नाही. आणि आमच्या यंत्रातल्यासारखे लहान सोलेनॉइड बहुधा एकाच दिशेचा दाब पेलण्यासाठी बनवलेले असल्याने त्यांच्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. काम संपल्यावर दाब उतरला की वाफेचा हातव्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवायचा आणि पाण्याच्या नळीवरचा कॉक बंद करायचा, एवढ्याने हा त्रास थांबला. दिवसभर पातळी नीट राहत असेल आणि फक्त सकाळीच काच भरलेली दिसत असेल, तर सुट्या भागांवर पैसे घालण्याआधी हे करून पाहावे.

दुसरा प्रश्न पाण्याच्या जातीचा. क्षार साचू नयेत म्हणून आरओचे पाणी वापरा, असा सल्ला अनेक जण मनापासून देतात. या पद्धतीच्या प्रोबला तो मानवत नाही, कारण अतिशुद्ध पाण्यातून प्रवाह पुरेसा वाहत नाही. पाणी प्रोबला टेकूनही कंट्रोलर भांडे रिकामे समजतो आणि पंप चालूच राहतो. मुंबईच्या नळाला तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांचे पाणी येते. ते मुळातच मृदू असल्यामुळे आम्ही गाळून तेच वापरतो आणि त्यात प्रोब व्यवस्थित चालतो. उन्हाळ्यात पाणीकपातीच्या दिवसांत मात्र सोसायटीने टँकर मागवले. ते पाणी बहुधा विहिरीचे किंवा बोअरचे असावे, कारण थोड्याच दिवसांत प्रोबवर पांढरा थर धरला.

हा थर कोठे बसतो याला फार महत्त्व आहे, आणि माहितीपुस्तिकेत त्याविषयी एक ओळही नाही. प्रोबच्या उघड्या टोकावर बसला तर पाणी ओळखले जात नाही आणि भांडे गरजेपेक्षा जास्त भरते. तोच ओलसर थर प्रोबच्या वरच्या पांढऱ्या टेफ्लॉनच्या आवरणावर बसून भांड्याच्या धातूपर्यंत पोहोचला, तर प्रवाहाला आडवाट मिळते. पाणी संपले तरी कंट्रोलर समाधानी राहतो आणि हीटर कोरडा तापत राहतो. पहिल्या प्रकारात साडी खराब होते, दुसऱ्यात हीटर जळतो आणि घरातल्या माणसांना धोका संभवतो. म्हणून प्रोब काढल्यावर टोकाइतकेच आवरणही स्वच्छ करावे. सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणाने थर सुटतो. पॉलिश पेपर टोकापुरताच वापरावा, आवरणाला लावू नये, कारण ओरखड्यांत क्षार लवकर धरतात.

पावसाळ्यात पाणी गढूळ आले तेव्हा पंपाआधीची गाळणी तुंबली. ती धुतली की काम भागते. पंप गुणगुणतो पण पाणी चढत नाही, अशा वेळी त्याच्या पुढच्या नळीला जपून हात लावून पाहावा. ती गरम असेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकून गरम पाणी उलटे येत असते, पंपात वाफ धरते आणि त्याला पाणी उचलता येत नाही.

या यंत्राबद्दल माझी खरी तक्रार एकच आहे. पाणी भरणे आणि पाणी संपल्यावर हीटर तोडणे ही दोन्ही कामे एकाच प्रोबवर सोपवलेली आहेत, त्यामुळे तो फसला की संरक्षणही त्याच क्षणी फसते. बॉयलरच्या कायद्यातून 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी वगळलेली असल्याने इतके लहान यंत्र तपासायला कोणी निरीक्षक येणार नाही. ही जबाबदारी निर्मात्याने उचलायला हवी होती. आम्ही माहितगार इलेक्ट्रिशियनकडून भांड्याच्या बाहेरून, हीटरच्या पातळीला, हाताने रीसेट करावा लागणारा स्वतंत्र थर्मल कटआउट (फार तापल्यावर वीज तोडणारा स्विच) बसवून घेतला. शिवाय दर आठवड्याला पंप बंद ठेवून, हीटर चालू असताना खालच्या कॉकने थोडे थोडे पाणी सोडतो आणि काचेत तळाची खूण येण्याआधी हीटर तुटतो की नाही ते डोळ्यांनी पाहतो. त्याच वेळी तळाचा गाळही निघून जातो.

रोज काही तास काम असलेल्यांनी हा बॉयलर जरूर घ्यावा. वीज आणि वेळ या दोन्हींच्या मानाने तो आमच्या कामाला पुरला आहे. घेताना मात्र पाण्याची काच समोरून दिसते का, प्रोब साध्या पान्याने निघतो का आणि हीटर तोडणारा दुसरा स्वतंत्र प्रोब मिळेल का, हे विचारावे. दुसऱ्या प्रोबचे वेगळे पैसे पडले तरी ते द्यावेत.