कालावल खाडीत सात महिने वापरलेली रिमोटची बोट: कुठली मोटर, कुठली बॅटरी

माझी बोट रेससाठी नाही हे आधीच सांगतो, म्हणजे नुसता स्पीड बघणाऱ्यांचा वेळ जायला नको. मला गरवायचा नाद आहे आणि मालवणजवळच्या तळाशील गावाच्या बाजूला खाडीच्या काठावरून हाताने कितीही जोरात गरी फेकली तरी जिथे चोणक मासा बसतो तिथपर्यंत ती जात नाही, म्हणून गरी आणि जिवंत सुंगट (कोळंबी) घेऊन ८०-१०० मीटर आत जाईल, तिथे सोडेल आणि परत येईल अशी फायबरची ८० सेंटीमीटरची बोट केली. दिवाळीनंतर पाण्यात टाकली, मे अखेरपर्यंत बहुतेक प्रत्येक रविवारी चालवली. आता पावसाळा लागलाय, गड नदीचं लाल पाणी खाडीत उतरलंय, बोट माळ्यावर आहे, तर निवांत लिहितोय.

पहिली मोटर चुकली. रिमोटच्या गाडीमधली ३६५० साईजची (३६ मिलीमीटर व्यास, ५० लांबी), ३९०० केव्हीची ब्रशलेस, म्हणजे आत कार्बन ब्रश नसलेली मोटर घरात होती, तीच लावली आणि टू एस लिपो, म्हणजे दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, ७.४ व्होल्ट. केव्ही म्हणजे एका व्होल्टला बिनलोड किती चकरा, तर ३९०० गुणिले ७.४ म्हणजे २९ हजाराच्या आसपास झाले. आकडा बघून बरं वाटलं, पण गाडीत आणि पाण्यात फार फरक आहे. गाडी उतारावर, वळणावर थ्रॉटल सोडला की मोटरला श्वास घ्यायला मिळतो, बोटीत पंखा सतत पाणी ढकलत असतो, मोटरला विश्रांती अशी मिळतच नाही. चार मिनिटांत मोटर इतकी तापायची की हात लावता येत नव्हता.

आणि मग डिसेंबरात पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाची सुकती (ओहोटी) नुकतीच लागलेली, गरी सोडून बोट वळवली आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, तापून बंद पडला. बोट खाडीच्या मुखाकडे वाहायला लागली. पलीकडे जाळं आवरत असलेले एक काका ओरडले, "अरे, सुकती लागली हा, तुजा खेळणा आता सरळ दर्यात जातला!" आणि बोलता बोलता स्वतःच होडी वल्हवत जाऊन घेऊन पण आले. ते तिथे नसते तर सगळंच गेलं होतं. त्या दिवशी घरी येऊन कागद घेऊन बसलो, जे आधी करायला पाहिजे होतं.

पहिली गोष्ट वेगाची. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा जास्तीत जास्त वेग तिच्या लांबीवर ठरतो, ८० सेंटीमीटरला तो ताशी ४ किलोमीटरच्या आसपास येतो, त्यापुढे जायचं तर बोटीला स्वतःच्याच लाटेवर चढून पाण्यावरून घसरत पळावं लागतं आणि तिथे ताकद एकदम जास्त लागते. उधाणाच्या सुकतीला मुखाजवळ पाणीच जवळजवळ तेवढ्या वेगाने बाहेर जातं, म्हणजे नुसती हळू चालणारी बोट घेतली तर ती जागच्या जागी उभी राहणार. म्हणून जाताना सावकाश आणि येताना गरज पडली तर जोर, असं दोन्ही जमणारं काहीतरी हवं होतं.

दुसरी गोष्ट करंटची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. समजा ४०० वॅट लागले. ७.४ व्होल्टवर ते ५४ अँपिअर होतात, थ्री एसच्या, म्हणजे तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर ३६. वायर, कनेक्टर, ईएससी यांच्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तेवढंच काम करताना टू एसवर सव्वादोन पट गरमी. म्हणून केव्ही कमी आणि सेल जास्त. मी ३६६० साईजची, २००० च्या आसपास केव्हीची, थंड राहायला भोवती पाणी फिरवणारं जॅकेट असलेली मोटर घेतली आणि थ्री एस. २००० गुणिले ११.१ म्हणजे २२ हजार चकरा. कमी वाटतं ना? पण त्याच पंख्याला लागणारी ताकद चकरांच्या घनाने वाढते, चकरा पाऊणपट केल्या तर मागणी निम्म्याच्याही खाली येते. तरी पंखा ४० मिलीमीटरवरून ३६ वर आणलाच, कारण व्यास थोडा जरी वाढला तरी लोड झपाट्याने वाढतो. दुकानदार मोटर आणि बॅटरीच दाखवतात, पंख्याचं कोणी विचारत नाही, आणि खरं तर मोटर किती करंट खेचणार ते पंखाच ठरवतो. शंभर-दीडशे रुपयांचे दोन-तीन पंखे घेऊन बघा, मगच मोटरला नावं ठेवा.

ईएससी ६० अँपिअरचा, पाण्याने थंड होणारा, बोटीसाठीचा घेतला, रिव्हर्ससकट. रिव्हर्स आमच्या खाडीत पाहिजेच. जुन्या जाळ्यांचे नायलॉनचे तुकडे फिरत असतात, ते पंख्यात गुंडाळले की मोटर अडकते, करंट एकदम चढतो आणि ईएससी जळू शकतो, तेव्हा आवाज बदलला की लगेच थ्रॉटल सोडायचा.

बॅटरीचं सांगतो. ५००० एमएएच (म्हणजे ५ अँपिअर-तास), ३५ सी लिहिलेली, म्हणजे क्षमतेच्या ३५ पट करंट देईल असा दावा. कागदावर ते १७५ अँपिअर होतात, मी निम्मेच धरतो. पूर्ण रिकामी करायची नाही, ८० टक्के म्हणजे ४००० एमएएच वापरायचे, सरासरी २० अँपिअर धरले तर १२ मिनिटं, सावकाश ८ अँपिअरवर चालवली तर अर्धा तास. मोह झाला म्हणून मध्ये ८००० ची घेऊन पाहिली, वेळ वाढला पण मागचा भाग पाण्यात बसला आणि बोट वर चढेचना, परत ५००० वर आलो, आता दोन बॅटरी नेतो. व्होल्टेज कमी झाल्याचा आवाज देणारं यंत्र झाकण बंद असताना लांबून ऐकू येत नाही, म्हणून मोबाईलवर नऊ मिनिटांचा टायमर लावतो.

एक बॅटरी एप्रिलमध्ये फुगली. चूक माझी, दुपारी गाडीच्या डिकीत राहिली होती. आपल्याकडच्या उन्हात लिपो गाडीत ठेवायचीच नाही. चार्जिंग ५ अँपिअरवरच, सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरने, लाद्यांवर ठेवून, जवळ वाळूची बादली. पावसात आमच्याकडे लाईट सारखी जाते म्हणून आत्ताच प्रत्येक सेल ३.८५ व्होल्टवर आणून डब्यात ठेवून दिलेत.

खाऱ्या पाण्याचं मात्र कितीही काळजी घेतली तरी त्रास आहेच. घरी आल्यावर बादलीत गोडं पाणी घेऊन बोट मिनिटभर चालवायची, कूलिंगच्या नळीत सिरिंजने पाणी मारायचं, शाफ्ट बाहेर काढून पुसून नवीन ग्रीस. बाजूच्या भोकातून पाण्याची धार येतेय ना, हे पाण्यात टाकल्या टाकल्या बघायचं, कारण खाडीच्या गाळाने नळी दोनदा बंद झाली होती. तोंडवळीचा एक मित्र ब्रशवाली ५५० मोटर वापरतो, स्वस्त आहे, फक्त सावकाश चालवायची असेल तर चालते, पण त्याची चार महिन्यांत आतून गंजली, आणि सुकतीला तर ती मागेच येते.

नवीन मोटर आता शेवटच्या फेरीनंतरही हाताला कोमटच लागते. सात महिन्यांत एकदाच पाणी आत गेलं, झाकणाची टेप नीट बसली नव्हती तेव्हा. काल मोटर खोलली तर मागचं बेअरिंग खरखरतंय, आतून तांबूस झालंय. दोन्ही स्टेनलेसची मागवलीत, नारळी पौर्णिमेच्या आत बसवली म्हणजे झालं.