अंदमानच्या 'इको' डाइव्ह रिसॉर्टमध्ये आमचे ९२ हजार गेले, जाणार असाल तर आधी हे वाचा

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आणि माझा भाचा अंदमानला जाऊन ९२ हजार रुपये देऊन आलो आणि हातात काय आलं, तर वहीचं एक पान आणि एका प्रवाळाचा फोटो, जे प्रवाळ आमचं कधी नव्हतंच. खूप दिवस कोणाला सांगितलं नाही कारण घरात आधीच सगळे म्हणत होते कशाला एवढ्या लांब, पण आता ओळखीतलंच एक कुटुंब तसल्याच जाहिरातीवर पैसे भरायला निघालंय म्हटल्यावर गप्प बसवेना.

मी ३९ व्या वर्षी पोहायला शिकले. नाशिकच्या सावरकर तरणतलावात, सकाळची बॅच, थंडीतसुद्धा. त्याच्या आधी एकदा तारकर्लीला स्कूबा केलं होतं, ते पर्यटकांना करवतात तसलं, मागून एक जण सिलेंडर धरून आपल्याला फिरवतो, पाच-दहा मिनिटांत वर. तेव्हा ठरवलं की हे नीट शिकायचं, कोणी धरल्याशिवाय. बहिणीचा मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, त्यालाही समुद्राचं वेड, म्हणलं दोघं मिळून ओपन वॉटर कोर्स करू, म्हणजे स्कूबाचा पहिला सर्टिफिकेटवाला कोर्स. दीड वर्ष पैसे बाजूला काढले.

जाहिरात हॅवलॉकची होती, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. निर्जन किनारा, बांबूच्या झोपड्या, सोलर, प्लास्टिक शून्य, दारातून उतरलं की थेट रीफ म्हणजे प्रवाळाची रांग, आणि वर प्रत्येक पाहुण्याच्या नावाने एक प्रवाळ समुद्रात लावणार. चार रात्री, जेवण आणि दोघांचा पाडीचा (स्कूबाचं प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ओपन वॉटर कोर्स मिळून ९२ हजार. ॲडव्हान्स ५५ हजार यूपीआयने, आणि तो नंबर रिसॉर्टच्या नावाचा नव्हता, कुठल्यातरी माणसाच्या नावाचा होता. मी विचारलं तर रिसॉर्टवाला म्हणाला मॅडम, बेटावर नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो म्हणून भावाच्या खात्यावर घेतो. आणि मी भरले. इथे मी थांबायला पाहिजे होतं.

पोचल्यावर उरलेले ३७ हजार कॅश मागितले. बिल मागितलं तर हसून म्हणाला, "मॅडम, हम लोग पेपरलेस हैं, एक कागज मतलब एक पेड़." आणि मला तेव्हा ते पटलं हो! मनापासून पटलं. त्या चार दिवसांत मला हीच गोष्ट सारखी दिसत गेली पण एकत्र जोडता आली नाही, की जे जे द्यायचं नाही ते ते त्यांनी पर्यावरणाच्या नावावर घातलेलं होतं. रात्री दहानंतर पंखा बंद, कारण सोलर. सोलरचे दोन पॅनल छपरावर होते, एकाची तार सुटून लोंबत होती आणि मागे डिझेलचा जनरेटर, तो फक्त मालकाच्या खोलीसाठी आणि फ्रीजसाठी. टॉवेल एकच, कारण पाणी वाचवायचं. दुसऱ्या डाइव्हला वेगळी बोट नाही, कारण इंधन वाचवायचं. आणि सकाळी अंदमानात लवकर उजाडतं, मी किनाऱ्यावर चालायला म्हणून निघाले तर स्वयंपाकघराच्या मागे एक मुलगा पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, चिप्सची पाकिटं असं सगळं खड्ड्यात घालून जाळत होता, वास घशात बसला. प्लास्टिक शून्य म्हणजे हे.

दारातून थेट रीफ पण खोटं. हॅवलॉकच्या त्या पूर्वेकडच्या बाजूला ओहोटी लागली की पाणी इतकं मागे सरकतं की चिखल, दगड आणि मेलेलं प्रवाळ उघडं पडतं, डाइव्ह सोडा गुडघाभर पाण्यासाठीसुद्धा चालत जावं लागतं. जाहिरातीतला फोटो भरतीचा होता. भरती-ओहोटीचं टेबल बघून मग तारखा ठरवायच्या असतात हे मला माहीतच नव्हतं.

आता कोर्सचं सांगते, कारण पैशापेक्षा हे जास्त गंभीर आहे. ओपन वॉटर कोर्स म्हणजे काय असतं ते नंतर कळलं. आधी थिअरी, ती स्वतःच्या ईमेलवर आलेल्या लॉगिनवरून ऑनलाइन करायची किंवा वर्गात, शेवटी परीक्षा. मग पूलमध्ये किंवा शांत उथळ पाण्यात पाच सेशन, मास्क पूर्ण काढून परत घालणं, तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घ्यायचा ते, सुटलं तर शोधून परत घेणं, हवा संपली तर जोडीदाराच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर जाणं, हे सगळं स्वतः करून दाखवायचं. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं. मग समुद्रात चार डाइव्ह, कमीत कमी दोन दिवसांत, जास्तीत जास्त १८ मीटर. सुरुवातीला आरोग्याचा फॉर्म, दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का.

आमचं काय झालं? पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, हीच थिअरी. फॉर्म नाही. २०० मीटर पोहायला लावलं नाही, ज्यासाठी मी वर्षभर तलावात घाम गाळला. पाच सेशनच्या जागी कंबरभर पाण्यात एक तास, मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन बाहेर काढायला शिकवलं, झालं. दुसऱ्या दिवशी बोट. भाच्याला कान कसे सोडवायचे, दर थोड्या अंतरावर नाक दाबून हवा कशी द्यायची हे शिकवणाऱ्याने घाईत एकदा सांगितलं आणि दोर धरून खाली घेऊन गेला. पोराने दोनदा कानाकडे बोट दाखवलं, मी बघत होते, तो माणूस थांबला नाही. वर आलो तर पोराच्या मास्कच्या खालच्या बाजूला पातळ गुलाबी पाणी, नाकातून रक्त आलेलं. मी घाबरले. तो म्हणाला, "पहली बार में होता है." मावशी मी ठीक आहे, असं पोरगंच मला समजावत होतं. नाशिकला आल्यावर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी सांगितलं पडद्याला सूज आहे, तीन आठवडे पोहणं बंद.

आणि दुसऱ्या डाइव्हला मी माझा गेज, म्हणजे सिलेंडरमधली हवा दाखवणारा काटा, स्वतःहून बघितला, काटा ४० वर. सिलेंडर साधारण २०० बारचं भरलेलं असतं आणि ५० उरलेले असताना वर पोचलेलं असायला पाहिजे हे त्या व्हॉट्सॲपच्या पानांतच लिहिलेलं होतं, पण त्या माणसाने एकदासुद्धा हाताने खूण करून विचारलं नव्हतं किती उरली. मीच त्याला धरून गेज दाखवला. खाली मासे सुंदर होते, एक मोठं पोपटमाशांचं टोळकं आमच्या अगदी शेजारून गेलं, आणि मला त्यातलं काही घेता आलं नाही कारण मी काट्याकडे बघत होते.

चौथ्या दिवशी प्रवाळ. याचे वेगळे ३ हजार घेतले, प्रत्येकी दीड. एका बादलीत फांद्यांच्या प्रवाळाचे बोटभर तुकडे, बादली बोटीवर उन्हात ठेवलेली, तुकड्यांची टोकं पांढरी पडत चाललेली. मग खाली लोखंडी सळयांची एक चौकट, तिच्यावर तुकडा केबल टायने बांधायचा आणि पत्र्याचा एक छोटा टॅग, त्यावर नाव. भाच्याने आजीचं नाव घातलं होतं. माझी आई, दोन वर्षांपूर्वी गेली. फोटो काढला, पोराने तिथेच पाण्याखाली दोन्ही हात जोडले.

त्याच संध्याकाळी मी ओला वेटसूट ठेवायला मागच्या शेडमध्ये गेले. तिथे रंगाचा जुना डबा होता, त्यात ते टॅग, पन्नास-साठ तरी. काहींवरची नावं घासून काढलेली, काहींवर अजून वाचता येत होती, कोणाचं लग्नाचं, कोणा बाळाचं, जोडीला बदामाचं चित्र. तळाशी तुटलेले केबल टाय आणि वाळलेले तुकडे. मी एक टॅग हातात घेऊन उलटा केला तर मागच्या बाजूलाही एक नाव घासलेलं होतं, म्हणजे दोन्ही बाजू वापरून झालेल्या. पाहुणा गेला की टॅग काढायचा, पुढच्याचं नाव. मला त्या शेडमध्ये बसायला झालं. भाच्याला मी ते इतके दिवस सांगितलं नव्हतं, हे लिहायच्या आधी काल सांगितलं.

वरून हेही लक्षात घ्या की प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडणं, उचलणं गुन्हा आहे. खरोखर प्रवाळ लावायचं काम करणारे लोक परवानगी घेऊन, वर्षानुवर्षं मोजमाप ठेवून करतात.  आमच्या नावासाठी जिवंत वसाहतीचे तुकडे तोडून बादलीत मारले, आणि त्याचे पैसे मी दिले. हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

निघायच्या दिवशी पहाटे शिकवणाऱ्याने दार वाजवलं, चौथी डाइव्ह आत्ता करून घेऊ म्हणे. आमचं विमान दुपारी दोनचं. लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर त्यानंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं, शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, वर गेल्यावर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. हे मी वाचलेलं होतं म्हणून नाही म्हटलं. तो म्हणाला ते फक्त खोल डाइव्हसाठी असतं, आणि मग, ठीक आहे, नाही करायची तर नका करू, मी लिहून टाकतो. डाइव्हच्या नोंदीच्या वहीत चौथी डाइव्ह लिहिली, १६ मीटर, ३८ मिनिटं, मासे कोणते दिसले तेसुद्धा. माझ्याकडून सही घेतली. मी केली, कारण तीन डाइव्हचे पैसे वाया जातील अशी भीती घातली. ही सही माझी चूक आहे आणि ती मी तक्रारीतही लपवलेली नाही.

सर्टिफिकेटच्या कार्डाचं विचारलं तर प्लास्टिकचं कार्ड आम्ही देत नाही, डिजिटल येईल. परतीच्या फेरीबोटीत शेजारी एक बंगळुरूची मुलगी बसली होती, तिने हॅवलॉकलाच दुसरीकडे कोर्स केलेला. ती सहज विचारत गेली, तुमची परीक्षा किती मार्कांची झाली, मास्क काढून पोहायला लावलं का, ॲप दाखव ना, माझं तर कार्ड आलंसुद्धा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पोर्ट ब्लेअर येईपर्यंत, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, मी बोलले नाही.

घरी येऊन वहीतला इन्स्ट्रक्टर नंबर पाडीच्या वेबसाइटवर टाकला, तिथे कोणीही तपासू शकतं, तर नाव भलत्याचंच. आमच्या नावाची नोंदच नाही. रिसॉर्टवाला एप्रिलपर्यंत सर्व्हर डाउन म्हणत होता, मग ब्लॉक.

म्हणून सांगते, पैसे भरायच्या आधी डाइव्ह सेंटरचं नाव आणि शिकवणाऱ्याचा नंबर मागा आणि स्वतः तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. खरा कोर्स असेल तर थिअरीचं लॉगिन तुमच्या ईमेलवर येतं, घरी बसून ते पूर्ण करूनच निघा. डिस्कव्हर स्कूबा नावाचं जे एक दिवसाचं असतं, १२ मीटरपर्यंत, त्याने सर्टिफिकेट मिळत नाही, ते ओपन वॉटर म्हणून विकतात. खासगी माणसाच्या यूपीआयवर रुपया पाठवू नका, जीएसटी नंबरचं बिल मागा, ईमेलवर आलं की झालं, त्याला कागद लागतच नाही. आरोग्याचा फॉर्म कोणी भरून घेतला नाही तर बोटीत चढू नका, विशेषतः मुलं बरोबर असतील तर अजिबात नाही. आणि कोणी इको म्हणालं तर विचारा कशावरून. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये हिरव्या दाव्यांबद्दल नियम काढलेत, पुराव्याशिवाय असं छापता येत नाही.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, मग स्वतःच नोटीस लिहून पाठवली. त्यानंतर १८ हजार परत आले आणि सोबत मेसेज की आता विषय संपवा. संपवला नाही. आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, तिकडे अंदमानला जावं लागत नाही, ५ लाखांपर्यंत फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करायची. माझी नाशिकला दाखल झालीय. भाचा पुण्यात एका पूलमध्ये नव्याने शिकतोय, पहिल्या दिवशी त्याच्याकडून मास्क पूर्ण काढून घेतला आणि त्याने मला फोन करून ते सगळं सांगितलं.

हॅवलॉकला तुमच्याही नावाचं प्रवाळ लावलं असेल तर तो फोटो काढून मोठा करून बघा. आमच्या फोटोत चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातली सळई बाहेरच्या बाजूला वाकलेली आहे आणि तिच्यावर निळ्या दोरीची गाठ आहे. फेरीत भेटलेल्या मुलीच्या मैत्रिणीने मला तिचा फोटो पाठवला, आमच्या आधी वर्षभराचा, नाव वेगळं, तुकडा वेगळा, सळई तीच, गाठ तीच. दोन्ही फोटो मी तक्रारीला जोडलेत. तिसरा मिळाला तर तोही जोडायचाय.